काळ्या दगडाचा अभ्यासक : कार्ल विल्हेल्म शेले

क्लोरीन वायु तयार करण्याचा प्रयोग वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांस ठाऊक असतो. कांचेच्या चंबूंत थोडी काळी भुकटी घालावयाची, तिच्यावर मिठाचें तेजाब, म्हणजे हायड्रोक्लोरिक आम्ल, ओतावयाचें, खालीं मंद आंच द्यावयाची, आणि नाकास झोंबणारा पिवळट हिरवा वायु बरणींत जमा करावयाचा. परीक्षेसाठीं हा प्रयोग आकृतीसह पाठ केलेला असतो. परंतु ती काळी भुकटी त्या तेजाबांत प्रथम कोणीं टाकली व कशासाठीं टाकली, असें विचारणारा विद्यार्थी आम्हांला आजवर क्वचितच भेटला. ज्यानें ती टाकली तो कोणी प्राध्यापक नव्हता. तो औषधांच्या दुकानांत नोकरी करणारा तरुण होता. विद्यापीठांत विद्यार्थी म्हणून त्यानें कधीं पाऊल ठेविलें नव्हतें. त्याच्या चरित्राची ओळख आमच्या वाचकांस करून देण्याचें आम्हीं योजिलें आहे.

बाल्टिक समुद्राच्या कांठीं श्ट्राल्सुंड नांवाचें बंदर आहे. आज तें जर्मनींत मोडतें. त्या काळीं तें स्वीडनच्या राज्यांत होतें. तेथें १७४२ सालच्या डिसेंबर महिन्यांत कार्ल विल्हेल्म शेले याचा जन्म झाला. अकरा भावंडांत तो सातवा. बाप व्यापारी होता, परंतु व्यापारांत बुडाला व त्याचें दिवाळें निघालें. अशा घरांतील सातव्या मुलाच्या उच्च शिक्षणाचा विचार कोण करणार? चौदाव्या वर्षीं शाळा संपली आणि मुलाला समुद्रापार गोथेनबर्ग शहरांत बाउख नांवाच्या औषधविक्रेत्याकडे उमेदवार म्हणून धाडण्यांत आलें. त्याचा थोरला भाऊ पूर्वीं त्याच दुकानांत उमेदवारी करीत असतां वारला होता. तेथेंच दुसरा मुलगा पाठवितांना त्या आईबापांस काय वाटलें असेल, हें वाचकांतील वडील मंडळींनीं मनाशीं समजावें.

त्या काळच्या औषधालयाची आजच्या दुकानाशीं तुलना करूं नये. आज औषधें कारखान्यांतून तयार होऊन डब्यांत बंद होऊन येतात. तेव्हां औषधविक्रेता मुळ्या कुटी, अर्क काढी, क्षार शुद्ध करी, तेजाबें स्वतः गाळी. त्याच्याजवळ भट्टी असे, मुशी असत, खल व तराजू असत. ज्याला डोळे आहेत अशा मुलाला ती प्रयोगशाळाच होती. शेले बाउखजवळ आठ वर्षें राहिला. दिवसा गिऱ्हाइकांचीं औषधें आणि रात्रीं लेमेरी, कुंकेल, स्टाल इत्यादिकांचे रसायनावरील ग्रंथ, असा त्याचा क्रम होता. ग्रंथांत जें लिहिलें असे तें तो स्वतः करून पाही. आणि पडताळा आला नाहीं तर ग्रंथापेक्षां मुशीवर विश्वास ठेवी. ही संवय त्याला कोणीं लाविली तें कळत नाहीं.

१७६५ सालीं बाउखनें दुकान विकलें. शेले माल्मो येथें व पुढें १७६८ सालीं राजधानी स्टॉकहोम येथें नोकरीस गेला. माल्मो येथें असतां रेट्झियस नांवाच्या एका तरुण विद्वानाशीं त्याची मैत्री जमली व ती कायम राहिली. राजधानींतील दिवस मात्र त्याला फारसे मानवले नाहींत. वैद्यांच्या चिठ्ठ्यांप्रमाणें औषधें बांधून देण्यांत दिवस जाई. त्यानें स्वीडनच्या विज्ञान अकादमीकडे निबंध पाठविले, ते स्वीकारले गेले नाहींत. द्राक्षरसाच्या पिंपांत खालीं जो क्षार सांचतो त्यापासून टार्टारिक आम्ल वेगळें काढण्याची त्याची रीत अखेर रेट्झियसच्या निबंधांतून १७७० सालीं लोकांपुढें आली. अनोळखी माणसाचा कागद विद्वानांच्या मेजावर कसा पडून राहतो, याचें हें एक उदाहरण. तें शेवटचें खासच नव्हे.

त्याच वर्षीं तो उप्साला या विद्यापीठाच्या गांवीं लोक नांवाच्या औषधविक्रेत्याकडे आला आणि येथें त्याच्या आयुष्याला वळण लागलें. विद्यापीठांत टोर्बर्न बर्गमन हा नामांकित रसायनाचा प्राध्यापक होता व योहान गाह्न हा त्याचा हुशार शिष्य. एक कोडें त्या मंडळींस सुटत नव्हतें. सोरा पुष्कळ वेळ तापवून थंड केला आणि त्यावर शिरका ओतला तर तांबडा धूर निघे; साध्या सोऱ्यावर शिरका ओतला तर कांहींच होत नसे. असें कां व्हावें? दुकानांतील नोकर शेले यानें गाह्नला सांगितलें कीं तापविल्यानें सोरा पालटतो. त्यांत निराळें आम्ल उत्पन्न होतें व तें क्षाराशीं इतकें सैल बांधलेलें असतें कीं शिरक्यासारखें दुबळें आम्लही त्याला हुसकून लावतें. उत्तर बरोबर होतें. गाह्ननें बर्गमनला कळविलें व दोघांची भेट घडवून आणिली. पूर्वीं अकादमीकडे आलेल्या निबंधांचा अव्हेर झाल्याची जखम शेलेच्या मनांत होती. ती बुजून दोघांचा स्नेह जुळला. बर्गमननें त्याला एक काम सुचविलें. ब्राउनस्टीन नांवाचा काळा दगड काय पदार्थ आहे तें त्यानें शोधून काढावें.

हा दगड दुर्मिळ मुळींच नव्हता. हातांत धरला तर बोटें काळीं होतात, वजनाला जड, कोळशासारखा दिसणारा पण न जळणारा. कांच करणारे लोक त्याला प्राचीन काळापासून ओळखीत. वाळूंत लोखंडाचा अंश असला म्हणजे कांच हिरवट होते. तींत या दगडाची चिमूटभर पूड टाकिली तर हिरवेपणा नाहींसा होऊन कांच स्वच्छ दिसते. पूड अधिक झाली तर कांच जांभळी होते. यावरूनच पुढें या खनिजाला अग्नीनें धुणारा या अर्थाचें पायरोल्युसाइट हें नांव मिळालें. परंतु तो आहे काय, याचा निर्णय होत नव्हता. कोणी त्याला लोखंडाची एक जात समजत, कोणी चुंबकाचा भाऊबंद, आणि औषधांतील पांढऱ्या मॅग्नेशियाशीं नांवाच्या सारखेपणामुळें त्याची गल्लत होई. आपल्याकडील वाचकांना हा दगड पाहावयाचा असल्यास युरोपांत जावयास नको. नागपूर जिल्ह्यांत रामटेकच्या बाजूस मनसर व कांद्री येथें मँगनीजच्या मोठ्या खाणी आहेत. भंडारा जिल्ह्यांत डोंगरी बुजुर्ग येथील उघड्या खाणींतून निघणारा काळा दगड विजेच्या कोरड्या घटांसाठीं वापरला जातो. टॉर्चमधील मेलेला साधा जस्ताचा सेल फोडला असतां जी काळी भुकटी हाताला लागते तींत हाच पदार्थ असतो.

शेले यानें सुमारें तीन वर्षें या दगडाचा पिच्छा पुरविला. जेवढीं आम्लें ठाऊक होतीं तेवढ्यांत त्यानें त्याची पूड घालून पाहिली. थंड व निर्मळ गंधकाम्लांत ती जवळजवळ विरघळत नसे. परंतु त्यांत थोडी साखर किंवा डिंक टाकला कीं पूड विरघळे आणि काळा रंग साफ नाहींसा होई. जळत्या गंधकाच्या धुरापासून केलेल्या आम्लांतही ती लगेच विरघळे. काळा दगड आणि त्याचें द्रावण पाण्यासारखें स्वच्छ, हें पाहून दुसरा एखादा चक्रावला असता. आज आपण याचें कारण सांगतों तें असें. मँगनीज हा धातु प्राणवायूशीं एकाच प्रमाणांत जोडला जात नाहीं. मँगनीजच्या एका परमाणूस प्राणवायूचा एक परमाणु मिळाला कीं हिरवट भस्म होतें. तिघांस चार मिळाले कीं तपकिरी, दोघांस तीन मिळाले कीं काळसर, आणि एकास दोन मिळाले कीं आपला काळा दगड, म्हणजे मँगनीज डायॉक्साइड. या शेवटच्या भस्मांत प्राणवायूचा भार अधिक आहे. तो उतरविल्यावांचून तें आम्लाशीं सरळ संधि करीत नाहीं. साखर तो प्राणवायु घेते, दगड खालच्या पायरीवर उतरतो, आणि खालच्या पायरीचे क्षार अगदीं फिकट गुलाबी, जवळजवळ रंगहीन असतात. शेलेच्या वेळीं परमाणूंची ही भाषा नव्हती. तरीही दगडाची कांहीं तरी घेण्याची प्रबळ भूक आहे, आणि ती भागली म्हणजे तो रंग टाकून विरघळतो, हा सिद्धांत त्यानें अचूक बांधला.

मग मिठाच्या तेजाबाची पाळी आली. पूड त्यांत घालून मंद आंच देतांच कोंदट, गुदमरविणारा, पिवळट वायु निघूं लागला. शेले यानें तो जमविला व त्याची परीक्षा चालविली. लिटमसचा निळा कागद त्यांत पांढरा पडला. तांबडीं, निळीं, पिवळीं फुलें थोड्या वेळांत रंगहीन झालीं, हिरव्या पानांचीही तीच गत झाली. आणि गेलेला रंग नंतर आम्लानें किंवा क्षारानें परत येईना. सर्व धातूंवर त्या वायूचा मारा होई. त्यांत सांपडलेली माशी तत्काळ मेली, ज्योत विझली. हाच क्लोरीन. ११ वर्षांनीं, १७८५ सालीं, बर्थोले या फ्रेंच शास्त्रज्ञानें त्याचा कापड पांढरें करण्याकडे उपयोग केला व कापड महिनोगणती उन्हांत पसरण्याचें काम संपलें. आज शहरांतील नळाचें पाणी निर्जंतुक करण्यास हाच वायु किंवा त्याचे क्षार वापरतात.

दगडाच्या अंगांत आणखी एक पाहुणा दडलेला होता. त्याच्या द्रावणांत गंधकाम्ल टाकलें कीं कांहीं वेळां पांढरा, न विरघळणारा साका खालीं बसे. हा चुना नव्हे हें शेले यानें ओळखलें. ही नवी माती म्हणजे बॅराइटा. तिच्यांतील बेरियम धातु डेव्हीनें १८०८ सालीं वेगळा केला. आणि मूळ दगडांत लोखंड नसून एक अज्ञात धातु आहे असें शेलेचें मत होतें. परंतु त्याच्याजवळ पुरेशी प्रखर भट्टी नव्हती. त्यानें तें काम गाह्नकडे सोंपविलें. गाह्ननें मुशीला आंतून कोळशाची पूड थापली, दगडाची पूड तेलांत मळून तिचा गोळा मध्यें ठेविला, वर पुन्हां कोळसा भरला, दुसरी मूस पालथी घालून तोंड लिंपलें आणि तासाहून अधिक कडक आंच दिली. मूस फोडली तेव्हां आंत धातूची गोळी निघाली. १७७४ सालीं मँगनीज धातु अशा रीतीनें मनुष्याच्या हातीं आला. तो शोधल्याचें श्रेय आज गाह्नला देतात, आणि तें योग्य आहे. शेलेची त्याविषयीं कधीं तक्रार दिसत नाहीं.

विद्यार्थ्यांना आवडेल असा भाग राहिलाच. ही काळी पूड सोऱ्याबरोबर मुशींत वितळविली तर गर्द हिरवा गोळा होतो. तो पाण्यांत टाकला कीं प्रथम हिरवें पाणी, मग निळसर, मग जांभळें, मग तांबूस असे रंग पालटत जातात. या पदार्थाला खनिज सरडा हें नांव पडलें. या सरड्याचें गूढही शेले यानें बरेंच उकललें. हिरव्या क्षारांत मँगनीज जितक्या वर चढलेला असतो त्याहून एक पायरी वर जांभळ्या क्षारांत असतो. कांहीं भाग वर चढतांना उरलेला खालीं उतरतो, आणि तळाशीं जो तपकिरी गाळ बसतो तो म्हणजे पुन्हां मूळचा काळा दगडच. तो जांभळा क्षार म्हणजे पोटॅशियम परमँगनेट. मागल्या पिढीच्या माणसांस तो चांगला ठाऊक होता. गांवांत पटकीची सांथ आली कीं विहिरींत हे जांभळे खडे टाकीत आणि पाणी गुलाबी होई.

हें सर्व काम १७७४ सालीं अकादमीच्या ग्रंथमालेंत एकाच निबंधांत छापून आलें. एका दगडांतून एक नवा वायु, एक नवा धातु व एक नवी माती. आमच्या मतें रसायनाच्या इतिहासांत याच्या तोडीचे निबंध फार थोडे आहेत. परंतु दगडानें दिलेलें सर्वांत मोठें दान या निबंधांत नव्हतें. ब्राउनस्टीन तीव्र गंधकाम्लांत घालून तापविली कीं तिच्यांतून एक वायु निघे व त्यांत मेणबत्ती झगझगीत पेटे. नुसता दगड प्रखर तापविला तरीही तो निघतो. शुद्ध भस्माच्या १०० भारांतून सुमारें १२ भार. सोरा, पाऱ्याचें तांबडें भस्म इत्यादि तापवूनही शेले यानें तोच वायु मिळविला व त्याला अग्निवायु म्हटलें. हाच प्राणवायु. १७७२ च्या सुमारास त्यानें तो निश्चितपणें ओळखला होता. इंग्लंडांत प्रीस्टलीनें पाऱ्याच्या भस्मावर भिंग धरून तो काढला ती तारीख १ ऑगस्ट १७७४.

मग श्रेय प्रीस्टलीकडे कसें गेलें? शेले यानें आपले वायु व अग्नि यांवरील प्रयोग पुस्तकरूपानें लिहून १७७५ च्या अखेरीस छापणाराकडे दिले. पुस्तकाला बर्गमननें प्रस्तावना लिहावयाची होती. छापखाना रेंगाळला, प्रस्तावनाही रेंगाळली, आणि पुस्तक १७७७ सालीं निघालें. तोंवर प्रीस्टलीचा शोध सर्वत्र झाला होता. ३० सप्टेंबर १७७४ रोजीं शेले यानें पॅरिसमध्यें लाव्हाझिए यास पत्र लिहून चांदीच्या क्षारापासून हा वायु कसा काढावा तें सुचविलें होतें. त्या पत्राला उत्तर आल्याचें कोठें आढळत नाहीं. आम्ही या प्रकरणांत कोणाला चोर ठरवूं इच्छीत नाहीं. प्रीस्टलीनें स्वतंत्र रीतीनें शोध लाविला, आणि त्या वायूचा खरा अर्थ लाव्हाझिएनेंच प्रथम जाणला. कारण शेले जन्मभर फ्लोजिस्टनवादी राहिला. जळणाऱ्या पदार्थांतून फ्लोजिस्टन नांवाचें तत्त्व बाहेर पडतें, असें तेव्हांचे बहुतेक विद्वान मानीत, तसें तोही मानी.

मात्र या चुकीच्या मतानेंही त्याला एके ठिकाणीं थोरांपेक्षां पुढें नेलें, हें सांगितलें पाहिजे. क्लोरीनला तो फ्लोजिस्टन काढून घेतलेलें मिठाचें आम्ल म्हणे. लाव्हाझिएच्या अनुयायांनीं ती भाषा टाकून दिली व हा वायु म्हणजे तें आम्ल अधिक प्राणवायु असें ठरविलें. त्यांच्या मतें प्राणवायूवांचून आम्ल असूंच शकत नव्हतें. १८१० सालीं डेव्हीनें दाखविलें कीं क्लोरीनमध्यें प्राणवायु नाहींच. तें मूलद्रव्य आहे आणि मिठाच्या आम्लांतून हायड्रोजन काढला म्हणजे तें उरतें. फ्लोजिस्टनच्या जागीं हायड्रोजन हा शब्द ठेवून पाहा : औषधविक्रेत्याचें जुनें वाक्य खरें आणि पॅरिसच्या विद्वानांचें नवें वाक्य खोटें ठरतें.

४ फेब्रुवारी १७७५ रोजीं अकादमीनें शेलेला आपला सभासद निवडलें. त्यानें तोंवर औषधविक्रेत्याची परीक्षाही दिलेली नव्हती! त्याच वर्षीं तो मेलारेन सरोवराजवळच्या चोपिंग या लहानशा गांवीं गेला. तेथील औषधविक्रेता पोल वारला होता. त्याची विधवा सारा मार्गारेटा हिच्या हातीं दुकान होतें आणि डोक्यावर कर्ज. शेले दुकान चालवूं लागला. मध्यंतरीं दुसऱ्या एका माणसास दुकान विकलें जाण्याचा रंग दिसला, तेव्हां गांवकऱ्यांनीं आग्रह धरिला कीं औषधविक्रेता हवा तर शेलेच. बर्लिनला नेण्याचा प्रस्ताव झाला, उप्सालाकडूनही ओढ होती. तो हलला नाहीं. १७७७ च्या शरद ऋतूंत तो स्टॉकहोमला गेला, अकादमीच्या सभेंत बसला व त्याच मुक्कामांत परीक्षाही देऊन आला. सभेस तो हजर राहिला तो हा एकदांच. राजानें त्याला देऊं केलेला किताब नांवाच्या घोटाळ्यानें दुसऱ्याच कोणा शेलेस गेला अशी एक गोष्ट सांगतात. ती आम्हांला खरी वाटत नाहीं.

चोपिंगच्या अकरा वर्षांत त्यानें केलेल्या कामाची नुसती यादीच पानभर होईल. ग्लिसरीन, आंबट दह्यांतील आम्ल, लिंबांतील आम्ल, सफरचंदांतील आम्ल, मॉलिब्डेनम व टंगस्टन यांचीं आम्लें हीं सर्व त्याचीं. एक हिरवा रंगही त्यानें शोधला, तो तांबें व सोमल यांपासून. त्यांतील विषाची त्याला जाणीव होती. पुढच्या शतकांत घरांच्या भिंतींवरील कागद त्यानें रंगवूं लागले व त्यांपासून अपाय झाले. सोमल, पारा आणि ज्याचा थेंबही प्राणघातक तें प्रुसिक आम्ल, हीं त्याच्या रोजच्या हाताळणींतलीं द्रव्यें होतीं. आणि नव्या पदार्थाचा वास व चव नोंदण्याची त्या काळची रीत तोही पाळी. प्रुसिक आम्लाचीही चव त्यानें लिहून ठेविली आहे. आमच्या विद्यार्थ्यांनीं प्रयोगशाळेंत या एका बाबतींत त्याचें अनुकरण मुळींच करूं नये.

१७८५ च्या शरदांत त्याची प्रकृति ढासळली. मूत्रपिंडाचा विकार, सांधेदुखी, त्वचेचा रोग यांनीं त्याला घेरलें. विषारी द्रव्यांच्या सहवासानें हें झालें असावें असा पुष्कळांचा तर्क आहे. सारा मार्गारेटाशीं लग्न करण्याचा त्याचा मानस पूर्वींपासून होता, परंतु दुकानावरील कर्ज फिटून हात मोकळा होईपर्यंत तो थांबला होता. आतां थांबण्यास वेळ नव्हता. मे १७८६ मध्यें बिछान्यावर असतांच त्यानें तिच्याशीं विधिपूर्वक विवाह केला व आपलें जें कांहीं होतें तें तिच्या नांवें केलें. पतीच्या पश्चात् एकदां उघडी पडलेली बाई दुसऱ्यांदा तशी पडूं नये, ही त्याची इच्छा. त्यानंतर दोन-तीन दिवसांतच, २१ मे रोजीं, तो वारला. वय ४३.

त्याचीं टिपणें अकादमीच्या दप्तरांत पडून राहिलीं. अर्धीं जर्मन, अर्धीं स्वीडिश, घाईच्या अक्षरांत व संक्षिप्त खुणांनीं भरलेलीं तीं पानें वाचणें सोपें नव्हतें. १८९२ सालीं, त्याच्या जन्मास दीडशें वर्षें झालीं तेव्हां, उत्तर ध्रुवाकडील समुद्राचा प्रसिद्ध प्रवासी नॉर्डेनशिओल्ड यानें तीं लावून पत्रांसह प्रसिद्ध केलीं. प्राणवायु प्रीस्टलीच्या आधीं दोन वर्षांहून अधिक काळ शेलेच्या हातीं होता, याचा लेखी पुरावा जगाला मिळाला तो या टिपणांतून.